साठाव्या सभासदापुढचं दूध आणि वायरशार्क

वायरशार्क म्हणजे नेटवर्कवरून जाणारा डेटा पकडून त्याचे तुकडे, म्हणजे पॅकेटं, उलगडून दाखवणारं सॉफ्टवेअर. ते फुकट मिळतं, त्यामुळे पैसे वसूल झाले का हा प्रश्नच येत नाही. प्रश्न येतो तो वेळेचा. मला ते हाताला बसायला तीन आठवडे लागले, तेही रात्रीची जेवणं आटोपल्यावर. ते तीन आठवडे एका संध्याकाळीच वसूल झाले. त्या संध्याकाळचं आधी सांगते, म्हणजे हे साधन कुणाच्या कामाचं आहे ते आपोआप कळेल.

मी गडहिंग्लजला राहते आणि गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करते. ३४ संस्था आहेत. काट्यावर दूध मोजलं जातं, फॅट मशीनमधून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) येतं, शेजारच्या एका छोट्या यंत्रात ती नोंद साठते आणि सभासदाला पावती मिळते. संकलन संपलं की यंत्र सिमकार्डावरून सगळ्या नोंदी माझ्या सर्व्हरला पाठवतं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दहा दिवसांचं बिल या नोंदींवरूनच निघतं. एक नोंद हरवली तर कुणाच्या तरी घरातले खरेखुरे पैसे कमी होतात, म्हणून या विषयात मी हळवी आहे.

यंत्र आणि सर्व्हर यांच्यातली भाषा बायनरी आहे, म्हणजे मजकूर न जाता ठरलेल्या जागी कच्चे बाइट जातात, कारण २जीच्या सिमवर दर बाइट जपून वापरावा लागायचा. सुरुवातीला ८ बाइटचं हेडर: २ बाइट खुणेचे, १ आवृत्तीचा, १ प्रकाराचा, २ यंत्र क्रमांकाचे आणि २ लांबीचे. मग प्रत्येकी २४ बाइटच्या नोंदी. शेवटी २ बाइट सीआरसी, म्हणजे डेटा वाटेत बिघडला का ते ओळखायचा आकडा. कागदावर हे इतकं साधं दिसतं, की यात चुकायला जागा कुठे आहे असं वाटावं.

एका गावाच्या सचिवांचा फोन आला. "ताई, पावत्या एकशे ऐंशी फाडल्यात आणि तुमच्या कॉम्प्युटरात साठच दिसत्यात. बाकीच्यांचं दूध गेलं कुठं?" मी आधी नेटवर्कवर संशय घेतला, मग सिमवर, मग यंत्रावर. यंत्र बनवणाऱ्यांच्या इंजिनिअरने ठामपणे सांगितलं, की आमच्याकडून १८० च्या १८० नोंदी जातात आणि तुमच्या सर्व्हरकडून "मिळालं" असं उत्तरही येतं. ते उत्तर आलं म्हणून यंत्राने त्या नोंदी आपल्या मेमरीतून पुसूनही टाकल्या होत्या. लहान गावांत काही अडचण नव्हती. माझ्या लॅपटॉपवर ५०० नोंदी पाठवून पाहिल्या, तिथेही सगळं ठीक. चार दिवस मी लॉग छापत बसले. लॉगमध्ये मला तेच दिसत होतं जे माझ्या प्रोग्रॅमला दिसलं होतं, आणि प्रोग्रॅमचीच दृष्टी अपुरी होती.

पाचव्या दिवशी सर्व्हरवर टीसीपीडम्प (पॅकेटं पकडून फाइलमध्ये ठेवणारं साधन) लावून संध्याकाळचं संकलन पकडलं आणि ती फाइल लॅपटॉपवर आणून वायरशार्कमध्ये उघडली. त्या गावाची जोडणी शोधली आणि लांबीचा रकाना बघितला: १४६०, १४६०, १४१०. बेरीज ४,३३०. म्हणजे ८ अधिक १८० गुणिले २४ अधिक २. इंजिनिअर खरं सांगत होता, सगळं दूध माझ्या दारापर्यंत आलं होतं.

पहिल्या तुकड्याच्या १४६० बाइटांतून हेडरचे ८ वजा केले की १४५२ राहतात. त्यात ६० नोंदी पूर्ण बसतात, म्हणजे १४४० बाइट, आणि १२ उरतात. एकसष्टावी नोंद बरोब्बर मधोमध कापली गेली होती. वायरशार्कच्या तळाच्या चौकटीत ते १२ बाइट मला डोळ्यांनी दिसले: सभासद क्रमांक होता, म्हैस की गाय ते होतं, लिटर होते आणि तिथेच पॅकेट संपत होतं. फॅटपासूनचा उरलेला अर्धा भाग पुढच्या पॅकेटच्या अगदी पहिल्या ओळीत.

चूक माझी होती. माझा प्रोग्रॅम सॉकेटवरून (नेटवर्क जोडणीच्या आपल्याकडच्या टोकावरून) एकदाच वाचायचा, ४०९६ बाइटपर्यंत, आणि जे हाती येईल तोच पूर्ण संदेश समजायचा. बसतील तेवढ्या नोंदी घ्यायचा, शेवटचा अर्धवट तुकडा टाकून द्यायचा आणि "मिळालं" म्हणून कळवायचा. पुढचा तुकडा आला की त्याच्या सुरुवातीला खूण नाही म्हणून तो कचरा ठरायचा. सीआरसी तपासत नव्हते, कारण टीसीपीचा, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवणाऱ्या नियमावलीचा, स्वतःचा चेकसम (तपासणीचा आकडा) आहे, मग आपण परत कशाला, असं मी धरून चालले होते.

टीसीपीला संदेश ही गोष्टच ठाऊक नाही. ते बाइटांची एक सलग धार पोचवतं. क्रम बदलणार नाही आणि मधलं काही गळणार नाही एवढीच त्याची हमी. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर कॅनमधलं दूध टँकरमध्ये ओतलं की टँकरच्या तोटीशी उभ्या असलेल्या माणसाला कुठला कॅन कुठे संपला ते कळणार नाही. प्रत्येक कॅन ओतण्याआधी लिटर लिहून ठेवले असतील तर मात्र तो तोटीखाली तेवढं मोजून घेऊ शकतो. हेडरमधले लांबीचे २ बाइट त्यासाठीच होते. मी ते पाठवून घेत होते, वापरत मात्र नव्हते.

तुकडे १४६० चेच का, हेही वायरशार्कमध्येच नीट उमगलं. इथरनेटच्या एका फ्रेममध्ये साधारणपणे १५०० बाइटचा आयपी पॅकेट मावतो. त्यातले २० आयपीच्या हेडरला, २० टीसीपीच्या हेडरला. उरले १४६०. जोडणी सुरू होताना दोन्ही टोकं एकमेकांना हा आकडा सांगतात, आणि वायरशार्कमध्ये पहिल्या दोन पॅकेटांचे पर्याय उघडले की तो तिथे लिहिलेला सापडतो. आमच्या जुन्या यंत्रांतला मोडेमसुद्धा एका वेळी जास्तीत जास्त १४६० बाइटच स्वीकारतो, म्हणून कापणी नेमकी तिथे व्हायची. आणि माझ्या लॅपटॉपवरच्या चाचण्या का पास झाल्या? एकाच संगणकातल्या दोन प्रोग्रॅममधली वाट म्हणजे लूपबॅक. लिनक्सवर तिची एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, ६५,५३६ असते. ५०० नोंदींचा माझा संदेश १२,०१० बाइटचा. चाचणीचा वाचणारा प्रोग्रॅम मी मोठ्या बफरचा केला होता, त्यामुळे तो संदेश एका घासात गिळला जायचा. घरच्या अंगणात कधीच न तुटणारी गोष्ट रस्त्यावर रोज तुटत होती.

इथे एक सावधगिरी, कारण यात माझा अख्खा दिवस गेला. दुसऱ्या एका गावात नवीन ४जी यंत्र होतं. तिथल्या नोंदी कधी ६० वर तुटायच्या, कधी १२१ वर. कॅप्चर, म्हणजे पकडलेल्या पॅकेटांची फाइल, उघडलं तर एका पॅकेटची लांबी २९२० दिसली. १५०० च्या वाटेवरून २९२० बाइटचं पॅकेट येईल कसं? ते तसं आलेलंच नसतं. नेटवर्क कार्ड किंवा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लागोपाठ आलेले दोन तुकडे जोडून वरच्या थराला एकदम देतं, आणि पकडणारं साधन त्या जोडणीनंतर बसलेलं असतं. पाठवताना याच्या उलट: कर्नल एक मोठा गठ्ठा कार्डाकडे देतं, कार्ड त्याचे तुकडे करतं, आणि आपल्याला कॅप्चरमध्ये गठ्ठाच दिसतो. म्हणजे वायरशार्कमध्ये दिसतं ते तारेवरचंच असेल असं नाही. मी सर्व्हरवर हे तुकडे जोडणं तात्पुरतं बंद केलं आणि पुन्हा पकडलं, तेव्हा १४६० चे दोन वेगळे तुकडे दिसले. नवख्या माणसाने हे आधीच माहीत करून घ्यावं. नाहीतर भलत्याच गोष्टीचा माग काढत बसाल.

आता साधनाविषयी. जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ मध्ये हे इथेरियल या नावाने सुरू केलं, २००६ मध्ये नाव वायरशार्क झालं. लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हींवर चालतं, आणि त्याचा सोर्स कोड खुला आहे. पडद्यावर तीन चौकटी: वर पॅकेटांची यादी, मध्ये एका पॅकेटची थराथराने उकल, खाली कच्चे बाइट. मधल्या चौकटीत एखाद्या नावावर बोट ठेवलं की खालचे नेमके तेवढेच बाइट रंगतात. बायनरी भाषेवर काम करणाऱ्याला या एका सोयीपुढे बाकीचं सगळं दुय्यम वाटेल. लांबीचे दोन बाइट कुठले, पहिला मोठा की दुसरा, हेडर नक्की कुठे संपलं, हे सगळं वाद न घालता बोटाने दाखवता येतं. मी पुण्यातल्या त्या इंजिनिअरला कॅप्चरची फाइल पाठवली, आणि चार दिवस चाललेलं आमचं फोनवरचं बोलणं दहा मिनिटांत संपलं. दोघांसमोर एकच चित्र होतं.

पण खरी किंमत कळते ती स्वतःचा डिसेक्टर, म्हणजे बाइटांची उकल करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिल्यावर. तुमची घरगुती भाषा वायरशार्कला ओळखता येत नाही, तो तिला नुसतं "डेटा" म्हणतो. लुआ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक छोटी फाइल लिहून त्याला ती शिकवता येते. माझी फाइल ७० ओळींची आहे. टीसीपीवरच्या भाषांसाठी एक तयार फंक्शन मिळतं. संदेशाची सीमा कळायला त्याला दोनच गोष्टी सांगायच्या: हेडर किती बाइटचं आहे, आणि हेडर वाचून पूर्ण संदेशाची लांबी कशी काढायची. तुकडे जोडायचं, दोन संदेश एकाच पॅकेटमध्ये आले तर वेगळे करायचं काम तो स्वतः करतो. मी फाइल टाकली, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला आणि पडद्यावर ओळी उमटल्या: सभासद ६१, म्हैस, ४.५ लिटर, फॅट ७.१. दोन पॅकेटांत विभागलेली तीच नोंद, अखंड. मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

हे लिहिताना एक गोष्ट लक्षात आली, की डिसेक्टरला ज्या दोन गोष्टी सांगाव्या लागल्या, त्याच माझ्या सर्व्हरलाही सांगायला हव्या होत्या. आधी ८ बाइट पुरे होईपर्यंत वाच. लांबी काढ. मग तेवढे बाइट पुरे होईपर्यंत वाच, कितीही वेळा वाचावं लागलं तरी. जास्तीचे आले असतील तर ते पुढच्या संदेशाचे म्हणून जपून ठेव. सीआरसी बरोबर आला, डेटाबेसमध्ये नोंद पक्की झाली, तरच "मिळालं" म्हण. सर्व्हर मी अशा पद्धतीने पुन्हा लिहिला. हरवलेल्या नोंदी सचिवांनी ठेवलेल्या पावत्यांच्या प्रतींवरून हाताने भरल्या, आणि त्या दहा दिवसांचं बिल एका दिवसाच्या उशिराने का होईना, बरोबर निघालं.

गेल्या जुलैत याच साधनाने दुसऱ्यांदा वाचवलं. पाऊस प्रचंड झाला, एका गावचा टॉवर आठ दिवस बंद होता. संकलन चालू होतं, यंत्र नोंदी साठवत होतं. टॉवर सुरू झाल्यावर यंत्राने साठा पाठवायला घेतला, आणि सर्व्हर तो नाकारत राहिला: सीआरसी चुकीचा. यंत्र पुन्हा पाठवायचं, सर्व्हर पुन्हा नाकारायचा. या वेळी नोंदी पुसल्या गेल्या नाहीत, एवढं पहिल्या धड्याचं फळ. पण गावचा डेटा पॅक संपत चालला होता आणि बिलाची तारीख दोन दिवसांवर आली होती.

कॅप्चर उघडलं. एका वेळच्या १८०, दिवसाच्या ३६०, आठ दिवसांच्या २,८८० नोंदी. गुणिले २४ म्हणजे ६९,१२० बाइट. वायरशार्क बाइटांचा सापेक्ष क्रमांक दाखवतो, शेवटच्या तुकड्यानंतरचा क्रमांक ६९,१३१ होता. १ पासून मोजणी सुरू होते, म्हणजे बरोबर ६९,१३० बाइट पोचले होते. आणि हेडरमध्ये लांबी लिहिली होती ३,५८४. खालच्या चौकटीत ते दोन बाइट: ०ई ००. हेक्समध्ये, म्हणजे सोळा अंकांच्या मोजणीत, ६९,१२० म्हणजे १०ई००. पुढचा १ कुठे गेला? दोन बाइटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा ६५,५३५. त्यापुढचा १ लिहायला जागाच नव्हती, तो गळून पडला आणि उरलं ०ई००. माझा सर्व्हर प्रामाणिकपणे ३,५८४ बाइट मोजून घेत होता आणि त्यापुढचे दोन बाइट सीआरसी समजून तपासत होता. म्हणजे आमच्या भाषेत एका संदेशात २,७३० च्या वर नोंदी मावतच नव्हत्या, आणि ही मर्यादा दोन्हीकडच्या कागदपत्रांत कुठेही लिहिलेली नव्हती. सात दिवस बंद राहिलेला टॉवर चालला असता, आठवा दिवस चालला नाही.

पहिला विचार साहजिक होता, की लांबी ४ बाइटची करावी. चाचणीच्या सर्व्हरवर तशी केलीही. दोन दिवसांत लॉगमध्ये दिसलं, की कुणीतरी १,१९,५७,२५,८५६ बाइटचा संदेश पाठवू पाहत आहे. एवढी मेमरी त्या सर्व्हरमध्ये नव्हतीच. कॅप्चर बघितलं तर पहिले चार बाइट म्हणजे जी, ई, टी ही अक्षरं आणि एक रिकामी जागा. इंटरनेटवर पोर्ट चाचपत फिरणारा कुठलासा प्रोग्रॅम एचटीटीपी (वेबसाइटची भाषा) बोलायला आला होता, आणि त्याचा "गेट" हा शब्द माझ्या प्रोग्रॅमने लांबी म्हणून वाचला. चाचणीच्या त्या आवृत्तीत मी लांबी सगळ्यात पुढे आणली होती, खुणेच्याही आधी. तेव्हापासून दोन गोष्टी पक्क्या केल्या: खूण आधी तपासायची, आणि लांबी कितीही मोठी लिहिता येत असली तरी आपण किती स्वीकारणार तो आकडा वेगळा ठरवून, त्याहून मोठं काही आलं तर जागा राखून ठेवण्याआधीच जोडणी तोडायची.

शेवटी आम्ही लांबी २ बाइटचीच ठेवली आणि संदेश लहान केले. एका गठ्ठ्यात ५० नोंदी, म्हणजे १,२०० बाइट. प्रत्येक गठ्ठ्याला त्या पाठवणीचा क्रमांक, त्यातला आपला क्रमांक आणि "हा शेवटचा" अशी खूण. प्रत्येक गठ्ठ्याची पोच वेगळी. आठ दिवसांचा तो साठा ५८ गठ्ठ्यांत आला, शेवटच्यात ३० नोंदी. मध्येच जोडणी तुटली तर शेवटची पोच मिळालेल्या गठ्ठ्यापासून पुढे. पोच वाटेत हरवली आणि गठ्ठा दोनदा आला तरी सभासद, तारीख आणि वेळ यांवरून नोंद ओळखली जाते, दूध दुप्पट होत नाही. जुन्या यंत्रांचं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) दुरून बदलता येत नव्हतं. यंत्र बनवणाऱ्यांचा माणूस लॅपटॉप घेऊन पावसात गावोगाव फिरला, त्याचे मी मनापासून आभार मानते.

"शेवटचा" ही खूण वेगळी का हवी, हे मला फाइली पाठवायच्या टीएफटीपी या जुन्या पद्धतीकडे पाहून पटलं. त्यात मूळ नियमाप्रमाणे ५१२ बाइटचे तुकडे जातात, आणि ५१२ पेक्षा लहान तुकडा आला म्हणजे फाइल संपली. मग फाइलची लांबी ५१२ च्या पटीत असेल तर? शेवटी एक रिकामा तुकडा पाठवावा लागतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्येही हीच गत: तिथे लांबी ३ बाइटची, एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त १,६७,७७,२१५ बाइट, त्याहून मोठं काही असलं की भरलेल्या पॅकेटमागून पुढचं पॅकेट येतंच, आणि हिशोब बरोबर संपला तर ते पुढचं पॅकेट रिकामं असतं. हे मी वाचून सोडलं नाही. टीएलएस (वाटेतला डेटा गुप्त ठेवणारं कूटलेखन) बंद ठेवून घरच्या सर्व्हरवर २० एमबीचा ब्लॉब (कच्च्या बाइटांचा गठ्ठा) टाकला आणि वायरशार्कमध्ये लांबीच्या जागी एफएफ एफएफ एफएफ हे तीन बाइट बघितले. आमच्या १५० सभासदांच्या गावात ५० चे बरोबर तीन गठ्ठे होतात. खूण नसती तर सर्व्हर चौथ्याची वाट बघत बसला असता.

शेकडो भाषा वायरशार्कला आधीपासून येतात, आणि दुसऱ्यांनी सीमा कशा आखल्या ते बघायला ही मोठी शाळा आहे. छोट्या उपकरणांच्या एमक्यूटीटी या भाषेत लांबी लागेल तशी एक ते चार बाइट घेते, कमाल २६,८४,३५,४५५. बल्क कूलरच्या तापमान मीटरची मॉडबस ही भाषा एका वेळी १२५ रजिस्टरंच (मोजमापं ठेवायचे कप्पे) का देते, तेही इथेच उलगडलं: आरएस-४८५ तारेवरची जुनी चौकट २५६ बाइटची, त्यात पत्ता आणि सीआरसी जाऊन २५३ उरतात, त्यातून आज्ञेचा १ आणि बाइटसंख्येचा १ गेला की २५१, आणि प्रत्येक रजिस्टर २ बाइटचं.

५० नोंदींचा गठ्ठा १४६० पेक्षा लहान आहे, मग वाचण्याचा लूप कशाला, असं मला एकाने विचारलं. त्याला मी कॅप्चर दाखवलं. नेटवर्क मंद असताना एका पॅकेटमध्ये एक पूर्ण गठ्ठा आणि दुसऱ्याचे पहिले काही बाइट असं आलेलं त्यात होतं. पाठवणाऱ्याने लहान तुकडे केले म्हणून ते वाटेत तसेच राहतील असं टीसीपीने कधीच कबूल केलेलं नाही.

आणखी एक जागा, जी मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी लागेल. सभासदांची नावं सर्व्हरकडून यंत्राकडे जातात, पावतीवर छापायला. नावाचा रकाना ३२ बाइटचा ठरला होता. इंग्रजीत ३२ अक्षरं, भरपूर. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं. "ज्ञानेश्वर" मोजून बघा: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. दहा चिन्हं, ३० बाइट. मधल्या जागेचा १. उरला १ बाइट, आणि आडनाव "पाटील" असेल तर "प"च्या तीन बाइटांतला पहिलाच त्यात मावतो. पावतीवर नाव छापून पुढे एक चौकोन यायचा. वायरशार्कमध्ये तो एकटा उरलेला ई० बाइट रकान्याच्या अगदी शेवटी दिसला. रकाना आम्ही ९६ बाइटचा केला, आणि त्यातही मावलं नाही तर बाइटावर कापायच्या ऐवजी पूर्ण अक्षरावर कापायचं ठरवलं. आपलं नाव पावतीवर नीट छापून येणं हा सभासदाचा हक्क आहे.

वायरशार्कच्या मर्यादा सांगायलाच हव्यात. मोठी कॅप्चर फाइल तो पूर्ण वाचतो आणि मेमरी खातो. माझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर काही शे एमबीच्या पुढे मी जात नाही. अनेक दिवस पकडायचं असेल तर त्याच्याबरोबर येणारं डम्पकॅप वापरावं, ठराविक आकाराच्या फाइली फिरत्या ठेवाव्यात. पकडतानाचा फिल्टर आणि बघतानाचा फिल्टर यांचं व्याकरण वेगवेगळं आहे, सुरुवातीला यात प्रत्येक जण अडकतो. आमची ४जी यंत्रं आता टीएलएसवर बोलतात. त्यामुळे आतलं वाचायला सर्व्हरने त्या जोडणीच्या किल्ल्या फाइलमध्ये लिहून द्याव्या लागतात. हे फक्त चाचणीच्या सर्व्हरवर करावं. टीएलएसच्या एका रेकॉर्डमध्येही जास्तीत जास्त १६,३८४ बाइट मजकूर, म्हणजे तुकड्यांचा आणखी एक थर आला. आणि आयतं जोडून दाखवण्याची त्याची सवय कधी कधी आड येते: ओळखीच्या भाषेत तो तुकडे जोडून शेवटच्या पॅकेटपाशी पूर्ण संदेश मांडतो, आधीच्या पॅकेटांवर "हा जोडलेल्या संदेशाचा तुकडा" एवढंच लिहितो. मूळ तुकडे कुठे पडले ते पाहायचं असेल तर टीसीपीच्या सेटिंगमध्ये जाऊन हे तुकडे जोडणं बंद करा, पाहून झालं की चालू करा.

कॅप्चरमध्ये लोकांची माहिती असते, हे मात्र विसरू नये. कुणी किती दूध घातलं, किती पैसे झाले, हे गावात नाजूक असतं. मी फाइल बाहेर पाठवण्याआधी एकाच जोडणीपुरती कापते, सभासद क्रमांक बदलते, आणि संस्थेच्या सचिवांना विचारल्याशिवाय पाठवत नाही.

सॉकेटवर स्वतः बाइट लिहिणाऱ्या प्रत्येकाने वायरशार्क ठेवावं: मीटर, काटे, जीपीएस, पंपांचे कंट्रोलर, काहीही असो. फक्त तयार लायब्ररीतून वेबसाइट बनवणाऱ्याला ते रोज लागणार नाही. सुरुवात करणाऱ्याला मी एवढंच सुचवेन, की आधी आपल्याच संदेशाच्या हेडरची बेरीज हाताने करा, सगळ्यात मोठ्या गावाचा सगळ्यात वाईट आठवडा धरून एकूण बाइट काढा, आणि मग कॅप्चरमध्ये तो आकडा जुळतो का ते बघा. माझ्याकडे तो कागद भिंतीवर लावलेला आहे: २४, ५०, १,२००, १,४६०, ६५,५३५. नवीन यंत्रात नोंद २४ वरून ३२ बाइटची होणार आहे, सभासदाचा मोबाइल क्रमांक त्यात जातोय. म्हणजे ५० नोंदी १,६०० बाइटच्या होतील. येत्या सोमवारी त्या पहिल्या यंत्राचं संकलन मी पकडणार आहे.